मायाधरसाठी पसरलेला पदर

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतेय. खोटं कशाला बोलू, पुष्कळदा हसूच येतं... तेच पिंपळ, तीच पांढरी साडी. माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. वडिलांनी घरात अंगारे-धुपारे येऊ दिले नाहीत. पुढे मी स्वतः कल्याणच्या मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवलं. ग्रहणाच्या दिवशी काजळी धरलेल्या काचा देऊन मुलींना मैदानात उभं करणारी बाई म्हणून माझी ख्याती — काही पालकांच्या मते अपकीर्ती — होती. आजही कोणी विचारलं तर "भूतबित काही नसतं" असंच मी सांगते.

त्यामुळे हे लिहिताना भीती वाटत नाहीये. लाज वाटतेय. इतकी, की मुलीकडून टाइप करून न घेता टॅबवर एका बोटाने स्वतःच लिहितेय. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. आम्ही कल्याणला पारनाक्याच्या मागच्या गल्लीत राहायचो — वरच्या मजल्यावर दोन खोल्या, पुढे लाकडी गॅलरी. घरात मी, यजमान आणि सासूबाई. मूल अजून नव्हतं. यजमान कचेरीत कारकून होते, पण कल्याणात त्यांना कारकून म्हणून कोणी ओळखत नसे. ते गायचे. नाट्यपदं, ठुमरी, कधी नुसता राग. गणपतीत, कोजागिरीला, कुणाच्या मुंजीत — बोलावणं आलं की निघाले. गाताना डोळे मिटायचे, उजवा हात हळूहळू वर उचलायचे, आणि समोर बसलेली माणसं त्या हाताला दोरी बांधल्यासारखी वर बघायची. मी पाहिलंय ना. मीही तशीच बघायचे.

ह्यांचा एक बालमित्र होता, रघुनाथ. मी त्यांना रघूभाऊजी म्हणत असे. ठाण्याला कोपरीत आईबरोबर राहायचे आणि चित्रं काढून पोट भरायचे. ठाण्यातूनच मुलांसाठी एक पाक्षिक निघायचं — नाव मुद्दाम देत नाही, त्यांचे वारस आहेत — त्यात भाऊजींची चित्रकथा येई. 'मांत्रिक मायाधर'. दोन पानं, पानावर सहा-सहा चौकोन, प्रत्येक चित्राखाली दोन-तीन ओळी मजकूर. मायाधर हात उचलायचा, मंत्र म्हणायचा आणि राक्षस धूर होऊन जायचे. मुलं वेडी झाली होती त्याच्यापायी.

आणि मायाधरचा चेहरा ह्यांचा होता. नाक, कपाळ, कुरळे केस, सगळं. उचललेला हातसुद्धा.

"वहिनी, दुसरा चेहराच सुचेना हो," भाऊजी मला म्हणाले होते. "हा गायला लागला की माझ्या अंगावर काटा येतो. मंत्र म्हणणारा माणूस असाच दिसत असणार."

हे वरवर चिडायचे. "अरे, मला कचेरीत तोंड दाखवायचं असतं रे! काल एक शिपाई हात जोडून म्हणतो, साहेब, बदलीचा मंत्र घाला." पण अंक आला की पहिल्यांदा उघडायचे हेच.

त्या वर्षी दसऱ्याच्या दिवशी सकाळी, पाटीपूजन आटोपल्यावर, हे पेटी घेऊन बसले. तोडी गात होते. मी आत पुरण घाटत होते. एकदम सूर तुटला... श्वास घ्यायला थांबतात तसा नाही, सुतळी कापावी तसा. बाहेर येऊन बघते तर ह्यांनी उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली तळहात दाबून धरलेला.

"काय झालं हो?"

"काही नाही. कोणीतरी काटा टोचल्यासारखं झालं. गार लागतंय इथे."

हात लावून पाहिलं. रुपयाएवढी जागा खरंच गार होती. बाकी अंग ऊबदार आणि तेवढीच जागा माठासारखी. मी म्हटलं, वाऱ्याने धरलं असेल, तेल लावून शेकते. दोन दिवसांनी तिथे काळसर डाग दिसायला लागला. मार लागल्यावर पडतो तसा हिरवा-निळा नव्हे. शाई सांडून पुसल्यावर कागदावर राहते, तसा.

डॉक्टर आमच्या चांगल्या परिचयाचे होते. त्यांनी आधी रक्त गोठलंय म्हटलं, मग नस दबलीय म्हटलं. शेवटी मुंबईला पाठवून छातीचा फोटो काढून घेतला. फोटो स्वच्छ. डाग मात्र पसरत होता. उजवा हात खांद्याच्या वर जाईना. गायला बसले की दोन ओळींत धाप लागे. मग ताप सुरू झाला.

दिवाळीच्या सुमारास पाक्षिकाचा अंक आला. त्यात मायाधरला दुष्ट मांत्रिकाने मंतरलेला काटा फेकून मारला होता. खाली मजकूर होता — या जखमेवर कोणतंच औषध चालत नाही, काळं विष हळूहळू गळ्यापर्यंत चढेल आणि मायाधरचा मंत्र कायमचा बंद होईल.

मी वाचून दाखवलं आणि आमच्या दोघांच्याही तोंडचं पाणी पळालं, असं लिहिलं तर गोष्ट रंगेल... पण तसं झालं नाही. आम्ही हसलो. कारण चित्रात काटा मायाधरच्या डाव्या खांद्याखाली घुसला होता.

"बघ, त्याचं डावं, माझं उजवं," हे म्हणाले. "रघ्याचा नेम चुकला."

सासूबाईंनी अंक हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला. "अरे, पण ह्याचं जानवं उजव्या खांद्यावर का काढलंय त्या रघूने? श्राद्धाला बसलाय का हा?"

यावर तर आम्ही आणखीच हसलो. जानवं नेहमी डाव्या खांद्यावर असतं, उजव्यावर घ्यायचं ते पितरांच्या कार्याला. भाऊजींना एवढंही कळू नये, म्हणून ह्यांनी तापातसुद्धा पाठीमागे त्यांची खूप टर उडवली. आपल्याला योगायोगाने मायाधरसारखंच काहीतरी झालंय याची गंमत वाटली, आणि ती गंमत तिथेच संपली.

पुढच्या अंकात मायाधर गुहेत कांबळं पांघरून पडलेला होता. जखम दिसतच नव्हती.

तोवर इकडे ह्यांना उठून बसवेना. डागाच्या आता तीन जिभा झाल्या होत्या, बेलाच्या पानासारख्या. मधली जीभ गळ्याकडे चढत होती. आवाज इतका बसला की पाणी मागितलेलं ऐकायला तोंडाशी कान न्यावा लागे. डॉक्टर येऊन बसायचे, नाडी बघायचे आणि माझ्याशी नजर न मिळवता जायचे.

सासूबाईंनी एक दिवस मला स्वयंपाकघरात गाठलं. "आंबिवलीकडे एक भगत आहे. गुण येतो म्हणतात. बोलावू या का गं? तू शिकलेली आहेस, मला कळतं. पण माझा एकच मुलगा आहे."

मी म्हटलं, "नाही. ह्या घरात भगत येणार नाही." असं करारी आवाजात म्हटलं. त्या नुसत्या तांदूळ निवडत राहिल्या.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी मी शाळेतून रजा काढून ठाण्याला गेले. भाऊजी दसऱ्याच्या आधीपासून फिरकले नव्हते. त्यांना मित्राची अवस्था सांगावी, जमलं तर शेवटचं भेटून जा म्हणावं... मनात एवढंच होतं.

कोपरीतली त्यांची खोली लहानशी. भिंतीला टाचण्यांनी चित्रं टोचलेली. मी बोलायला सुरुवात केली आणि बोलता बोलता माझी नजर एका चित्रावर गेली. काटा लागलेला मायाधर. मूळ, हाताने काढलेलं चित्र.

काटा उजव्या खांद्याखाली होता.

"भाऊजी... हे अंकात डाव्या बाजूला होतं."

"हो हो, ते विचारू नका. छपाईचा ठसा, म्हणजे ब्लॉक, करणाऱ्याने चित्राचा फोटो उलटा घेतला. सगळंच उलटं छापलं गेलं. त्याचं जानवंसुद्धा उजव्या खांद्यावर गेलं! आमच्या संपादकांनी, अण्णांनी, मला झाप झाप झापलं. माझी काय चूक? मी उजवीकडेच काढलं होतं."

चित्रातलं जानवं डाव्या खांद्यावर, जिथे असायला हवं तिथे होतं. मी खाली बसले. हे चित्र ह्यांनी कधीच पाहिलेलं नव्हतं. ह्यांनी पाहिलं ते छापलेलं, डावीकडचं. मनाचे खेळ म्हणावेत तर मग डावी बाजू दुखायला हवी होती ना?

"हे कधी काढलंत तुम्ही?"

मागून भाऊजींची आईच म्हणाली, "कधी म्हणजे? दसऱ्याला! मी ह्याचे ब्रश, टाक, शाईची बाटली सगळं पूजेत मांडलेलं. त्या दिवशी हत्याराला हात लावू नये रे बाबा, म्हटलं. ऐकतो कुठे. हळदी-कुंकवाचे ब्रश पुसून बसला रंगवायला."

"आई, चित्र पाठवायचं होतं गं. सकाळीच न्यायला माणूस येणार होता."

सकाळीच. मी त्यांना ह्यांच्या डागाबद्दल सांगितलं. कुठे, केव्हापासून, कसा. भाऊजी हसले नाहीत. उठून टेबलाखालून एक कच्चा कागद काढला आणि माझ्यासमोर धरला. मायाधर पाठीवर पडलेला. छातीवर शाईने काढलेल्या तीन जिभा. मधली हनुवटीपर्यंत पोचलेली. डोळे मिटलेले.

"हे काय?"

"पुढच्या अंकाचं, वहिनी. शेवटचं. अण्णा मायाधर बंद करतायत. शिक्षकांच्या तक्रारी येतात — मुलांना मंत्रतंत्र शिकवता म्हणून. त्याला मारून टाक म्हणाले. ब्लॉक आलेत. आज छपाईला चढणार." मग एकदम मोठ्याने म्हणाले, "अहो, चेहरा फक्त त्याचा आहे! बाकी सगळी शाई आहे ही. शाई!"

पण तो कागद त्यांनी टेबलावर पालथा घातला. मी म्हटलं, "चला माझ्याबरोबर."

जांभळी नाक्याजवळ छापखाना होता. पुढे अण्णांचं टेबल आणि मागे मशीन. आत शिरले आणि दारातच थांबले. अण्णांसमोरच्या खुर्चीत आमच्या शाळेच्या मोठ्या बाई बसल्या होत्या. हेडमिस्ट्रेस. शेजारी आणखी दोन शिक्षक. मुलांच्या मासिकांतून जादूटोणा हटवा, हे सांगायला आलेलं शिष्टमंडळच होतं ते. मागच्याच महिन्यात स्टाफरूममध्ये मोठ्या बाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या होत्या, "आपल्या शाळेत अशा शास्त्र शिकवणाऱ्या तरुण बाई आहेत, याचा मला अभिमान वाटतो."

"तुम्ही इथे कशा?" त्यांनी विचारलं. "यजमानांना बरं नाही ना?"

परत फिरायला हवं होतं. बाहेर थांबता आलं असतं, त्या गेल्यावर बोलता आलं असतं. पण मागे मशीनवर कागद लावत होते, ते मला दिसत होतं.

मी अण्णांना म्हटलं, "मायाधरला मारू नका."

त्यांना आधी कळलंच नाही. मग त्यांना वाटलं, घरातल्या कुणा मुलाचा हट्ट असेल. "बाई, मुलं काय, चार दिवस रडतील. पुढच्या अंकापासून आपण शास्त्रज्ञांच्या गोष्टी सुरू करतोय."

"मूल नाही मला. माझे यजमान जातील."

भाऊजी खाली मान घालून उभे. मी सगळं सांगितलं — काटा, उजवं-डावं, तीन जिभा. सांगताना मला माझाच आवाज ऐकू येत होता आणि तो वेड्या बाईचा आवाज होता. एक शिक्षक रुमालाने तोंड झाकून हसत होते. अण्णा खजील झाले होते, माझ्यासाठी.

"बाई, तुम्ही शास्त्र शिकवता ना?" त्यांनी हळूच विचारलं.

तेव्हा मी पदर पसरला. खरोखर. खांद्यावरचा पदर दोन्ही हातांत धरून त्यांच्या टेबलासमोर जमिनीवर गुडघे टेकले. देवळातही मी कधी असं केलं नव्हतं. "मला शास्त्र कळत नाही आत्ता," मी म्हटलं. "त्याला जगवा. एवढी भीक घाला."

शेवटी मोठ्या बाईच बोलल्या, इतक्या मृदू आवाजात की त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं. "संपादक महाशय, एक गोष्ट बदलली तर काय बिघडणार आहे? बदला. आणि बाईंना घरी जाऊ द्या. त्यांची मनःस्थिती ठीक नाही."

अण्णांनी कपाळावरचा घाम पुसला. नवं चित्र काढून त्याचा ब्लॉक करून आणायला वेळ नव्हता. ते म्हणाले, शेवटचं मरणाचं चित्र गाळतो, त्या जागी चौकट टाकून चार ओळी मजकूर घालतो. जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारा माणूस, ओल्या फडक्याला हात पुसत येऊन उभा राहिला.

"पण बरा होणार कसा?" अण्णा जरा वैतागूनच म्हणाले. "दिवाळीच्या अंकात लिहून बसलोय, कोणतंच औषध चालत नाही म्हणून. आता तुम्हीच सांगा, बाई. कसा बरा होतो मायाधर?"

आणि मी म्हटलं, "त्याला विद्या सोडू दे. सगळी. विद्या गेली की त्या विषाला धरायला काही राहणार नाही. साधा माणूस होऊन घरी येऊ दे त्याला."

अण्णांनी ते लिहून घेतलं. "घरी येऊ दे" खोडून "घरी गेला" केलं. जुळाऱ्याने तिथेच उभ्या उभ्या जुळवलं. मशीन सुरू झाल्याचा आवाज ऐकून मग मी निघाले. भाऊजी स्टेशनपर्यंत सोडायला आले.

कल्याणला घरी पोचले तेव्हा दिवेलागण होत होती. सासूबाई जिन्याच्या तोंडाशी उभ्या. त्या म्हणाल्या, "दुपारचा चहा झाला आणि हाक मारली त्याने. नीट, ऐकू येईल अशी. पेज मागितली. दोन वाट्या प्यायला."

डाग उतरायला आठवडा लागला असेल. आधी गळ्याकडची जीभ गेली, मग बाकीच्या. धुतलेल्या पाटीसारखी कातडी स्वच्छ झाली. डॉक्टर म्हणाले, कधी कधी होतं असं. शरीर आपलं आपण बरं होतं. मीही मान डोलावली.

मी ठाण्याला काय करून आले, ते मी घरात सांगितलं नव्हतं. पण नवा अंक पोस्टाने आला. हे उशीला टेकून बसले होते. शेवटच्या पानावर आले. चौकटीतल्या ओळी त्यांनी वाचल्या... परत वाचल्या. दसऱ्याचं, उजव्या-डाव्याचं सगळं तेव्हा मला सांगावंच लागलं. सासूबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "म्हणजे माझा भगत नको होता. तुझा चालला." आणि आत गेल्या.

ह्यांनी अंक मिटून ठेवला.

पुरते हिंडू-फिरू लागल्यावर एका सकाळी त्यांनी पेटी काढली. षड्ज धरला आणि आवाज लावला. आवाज अगदी खणखणीत होता, पूर्वीपेक्षाही. पण तो पेटीच्या सुराला जाऊन लागेना. वर राही किंवा खाली. पुन्हा लावला. पुन्हा. मी भाकरी थापता थापता ऐकत होते. वाईट म्हणजे कान शाबूत होते त्यांचे. आपण चुकतोय हे त्यांना प्रत्येक वेळी कळत होतं. शेवटी भाता सोडून दिला आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"तुला दुसरं काही सुचलं नाही?"

रागाने नाही विचारलं. रस्ता चुकलेला माणूस विचारतो, तसं विचारलं. भाकरी करपली.

गोष्ट लपून राहिली नाही. त्या हसणाऱ्या शिक्षकांनी ती ठाण्यापासून कल्याणपर्यंत पोचवली. मुली पाठीमागे मला 'मायाधरबाई' म्हणू लागल्या. मोठ्या बाईंनी त्या दिवसाचा उल्लेख कधीच केला नाही, पण निवृत्त होईपर्यंत माझ्याशी त्या आजारी माणसाशी बोलावं तशाच बोलल्या. ग्रहणाच्या काचा त्यांनी दुसऱ्या बाईंकडे दिल्या. ह्यांना कचेरीत कोणी थट्टेने, कोणी खरंच कणव येऊन विचारायचं, "काय, गाणं बंद?" हे म्हणायचे, "घसा गेला हो." रघूभाऊजींनी चित्रकथा सोडल्या. साबणाच्या, उदबत्तीच्या वेष्टनांवर चित्रं काढायचे. आमच्याकडे यायचे ते सणावारीच, आणि ह्यांच्या चेहऱ्याकडे फार वेळ बघायचे नाहीत.

आमचा संसार वाईट झाला, असं समजू नका. पुढे मुलगी झाली. डोंबिवलीला घर घेतलं. हे रोज संध्याकाळी वेळेवर घरी यायचे, भाजी आणायचे, मुलीचा अभ्यास घ्यायचे. अगदी साधा, भला माणूस. रेडिओवर नाट्यपद लागलं की तेवढे उठून गॅलरीत जायचे. मुलीला वाटे, बाबांना गाण्याची आवड नाही. तिने त्यांना एकदाही गाताना ऐकलं नाही.

फार उशिरा, दोघंही पिकल्यावर, मी एकदा विचारलं, "राग आहे का हो माझ्यावर?"

"जीव वाचवलास," हे म्हणाले. "राग कसला?" मग चष्मा पुसत, "मला विचारायला हवं होतंस."

"तुम्ही बोलण्याच्या स्थितीत नव्हता."

"नव्हतो खरा," म्हणाले, आणि पेपर उघडला. त्यानंतर हा विषय आमच्यात निघाला नाही. त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

इथे काही जण लिहितील की तापाने स्वरयंत्रावर परिणाम झाला, डाग रक्ताचा होता, आणि बाकी सगळे योगायोग. लिहा. मीही हेच शिकवलं असतं. उजव्या-डाव्याचं काय, ते मात्र मला आजवर कोणी समजावून देऊ शकलेलं नाही, आणि आता मी विचारतही नाही.

मला छळतं ते वेगळंच. ह्यांच्या बैठका असत तेव्हा मी कित्येकदा एकटीच जेवून झाकपाक करायचे. कधी बोलले नाही. मला त्यांच्या गाण्याचा अभिमान होता, खरंच होता. पण अण्णांनी विचारल्याबरोबर, क्षणभरही न अडखळता, 'साधा माणूस होऊन घरी येऊ दे' हे वाक्य माझ्या तोंडून आलं. मी विचार केलाच नाही, करावाच लागला नाही. इतकं तयार होऊन ते माझ्यात कधीपासून बसलं होतं?